यान कोणत्या दिवशीचे?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

मी सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरीस आहे. वय 47. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतील मेहुण्याने ‘अपोलो 11’च्या ‘ईगल’ या लूनर मॉड्यूलचे, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे, 1:48 प्रमाणातील प्लॅस्टिकचे किट आणून दिले. उत्साहाने सुरुवात केली; पण माहिती वाचत गेलो तसतसा किटमधील एकेक भाग चुकीचा वाटू लागला. पायांच्या नळ्या जाड, पत्र्यांच्या कडा जाड. व्हर्निअर घेऊन बसतो, मोजतो आणि सगळे पुन्हा खोक्यात ठेवतो. चौदा महिने झाले, काम तिथेच आहे. यानावरच्या वेष्टनाला सोनेरी रंग द्यावा की चॉकलेटचा सोनेरी कागद लावावा, हेही ठरत नाही. सोबत अंतराळवीरांच्या दोन मूर्ती आहेत आणि मला माणसे रंगवता येत नाहीत. आठवीतली मुलगी म्हणते, “बाबा, त्यांचे कशाला करता, आपले विक्रम लँडर करा ना.” थिनरच्या वासावरून घरात रोज कुरबुर होते ती वेगळीच. हे किट पुरे करावे की सोडून द्यावे?

उत्तर:

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचताना मला तुमच्या अडचणीपेक्षा तुमच्या हातातील व्हर्निअरचीच जास्त काळजी वाटली. ज्याच्या कामाचा दिवस शतांश मिलिमीटरच्या हिशेबात जातो, त्याला किटमधील जाड कडा खुपणार हे स्वाभाविक आहे. पण एकदा हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहा. लूनर मॉड्यूलच्या कक्षाची भिंत काही ठिकाणी जेमतेम 0.3 मि.मी. जाडीची होती, म्हणजे वहीचे तीन कागद एकावर एक ठेवावेत इतकी. तिला 48 ने भागले तर 0.006 मि.मी. उरतात. तुमच्या व्हर्निअरचे लघुतम माप 0.02 मि.मी. असेल, तर ही जाडी त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. इतके पातळ प्लॅस्टिक कोणत्याही साच्यातून निघणार नाही, निघालेच तर चिमट्यात धरता येणार नाही. त्यामुळे प्रत्येक भाग खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याइतका असला पाहिजे, ही अट घालून बसलात तर आणखी चौदा वर्षे खोके उघडायचे आणि मिटायचे एवढेच काम उरेल.

मग अचूकपणा सोडून द्यावा का? मुळीच नाही. प्रश्न बदलावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘हा भाग बरोबर आहे का?’ असे विचारण्याआधी ‘मी करतो आहे ते यान कोणत्या दिवशीचे, कोणत्या घटकेचे?’ असे विचारावे. अंतराळयान हे मोटारगाडीसारखे एका साच्याचे हजार नग काढलेले वाहन नव्हे. प्रत्येक लूनर मॉड्यूल आधीच्यापेक्षा थोडे वेगळे होते, आणि तेच यान सकाळी वेगळे व संध्याकाळी वेगळे दिसत होते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात उभे असलेले, छायाचित्रांतून सर्वांच्या डोळ्यांत बसलेले लूनर मॉड्यूल हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ते ‘एलएम 2’, म्हणजे दुसरे लूनर मॉड्यूल, आहे. जानेवारी 1968 मध्ये ‘अपोलो 5’ मोहिमेतील मानवरहित चाचणी यशस्वी झाल्यामुळे त्याला उडवण्याची गरजच पडली नाही. ते 1970 च्या ओसाका प्रदर्शनात मांडले गेले, तेथून संग्रहालयात आले आणि ‘ईगल’सारखे दिसावे म्हणून त्यात फेरफार करण्यात आले. तुमचा ‘ईगल’ म्हणजे ‘एलएम 5’. त्याचा खालचा टप्पा आजही चंद्रावरील शांतीसागर या मैदानावर उभा आहे आणि वरचा टप्पा चंद्राच्या कक्षेत सोडून देण्यात आला होता. त्याला व्हर्निअर लावायला तुम्हीही जाऊ शकत नाही आणि तुमची चूक काढणाराही जाऊ शकत नाही. उरतात ती त्या दिवशीची छायाचित्रे, आणि ती मात्र भरपूर आहेत.

म्हणून तुमच्यासाठी मी घटका निवडून देतो, कारण ती निवडली की तुमच्या निम्म्या शंका आपोआप गळून पडतात. 21 जुलै 1969, भारतीय वेळेनुसार सकाळचे 8 वाजून 26 मिनिटे. नील आर्मस्ट्राँग शिडी उतरून खालच्या बशीवर, म्हणजे यानाच्या पायाच्या टोकाला असलेल्या गोल तबकडीवर, उभा आहे आणि डावा पाय चंद्राच्या मातीवर टेकवणार आहे. बझ ऑल्ड्रिन अजून आत आहे. तो बाहेर येण्यास आणखी वीसेक मिनिटांचा अवकाश आहे. झेंडा अजून रोवलेला नाही. पावलांचे ठसे नाहीत, उपकरणे मांडलेली नाहीत. घरी येणारे पाहुणे ‘झेंडा कुठे आहे?’ असे हमखास विचारतील. त्यांना ‘अजून बाहेर काढायचा आहे’ असे सांगण्यात जी मौज आहे, ती झेंडा लावण्यात नाही.

ही घटका धरली की यान कसे दिसेल ते पाहू. ‘ईगल’च्या चारांपैकी तीन पायांखाली सुमारे 1.7 मीटर लांबीच्या स्पर्शकांड्या लोंबत होत्या. त्यांतली एखादी जमिनीला टेकली की आत निळा दिवा लागे आणि इंजिन बंद करायचे असे ठरलेले होते. शिडीच्या पायाला कांडी नव्हती, कारण ती वाकून वर आली तर उतरणाऱ्या माणसाच्या पायात येईल अशी भीती होती. तुमच्या किटमध्ये चार कांड्या असल्या, तर चौथी बाजूला ठेवा. उरलेल्या तीन 1:48 मध्ये साधारण 35 मि.मी. भरतील. प्लॅस्टिकच्या कांड्या टाकून द्या आणि मोटार वाइंडिंगची बारीक तार वापरा. तुमच्या कारखान्याच्या आसपास ती पसाभर सापडेल. एक गोष्ट मात्र विसरू नका. यान उतरलेले आहे, त्यामुळे या तारा ताठ उभ्या नसतील, तर बशीखाली दुमडून बाहेर आडव्या पसरलेल्या असतील. खोक्यावरील चित्रात यान उतरण्यापूर्वीचे दाखवलेले असते आणि जोडणारा तेच यान जमिनीवर ठेवतो. असे नमुने मी प्रदर्शनांत कितीतरी पाहिले आहेत.

पायांचेही तसेच आहे. खऱ्या पायांत ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी जाळी भरलेली होती. धक्क्याने ती चेपायची आणि पाय थोडा आत सरकायचा, अशी योजना होती. आर्मस्ट्राँगने यान इतके अलगद उतरवले की ती जाळी फारशी चेपलीच नाही, आणि त्यामुळे शिडीची शेवटची पायरी बशीपासून बरीच उंच राहिली. आर्मस्ट्राँगला खाली उडी घ्यावी लागली, आणि परत वर चढता येते ना, हे त्याने लगेच एकदा उडी मारून पाहिलेही. तेव्हा पाय पूर्ण लांबीचे ठेवा आणि शिडी बशीपर्यंत ओढण्याच्या मोहात पडू नका. बशा मातीत एक-दोन इंचच रुतल्या होत्या, म्हणजे तुमच्या प्रमाणात अर्धा ते एक मिलिमीटर. इंजिनाच्या खाली खड्डा खणू नका. तिथे खड्डा पडलेला नव्हता, झोताने वरची माती झाडल्यासारखी किरणाकार झाली होती एवढेच. शिडीच्या शेजारची उपकरणांची फळी मात्र खाली उघडलेली हवी, कारण तिच्यावरील कॅमेऱ्यानेच हे दृश्य पृथ्वीवर दाखवले. आर्मस्ट्राँगने वरून उतरतानाच दोरी ओढून ती उघडली होती.

आता प्रकाशाविषयी, कारण ते तुमच्या फार सोयीचे आहे. यानाचे तोंड पश्चिमेला होते आणि सूर्य पूर्वेला, क्षितिजापासून दहा-पंधरा अंशच वर आला होता. म्हणजे शिडीची बाजू संपूर्ण सावलीत होती. नमुना मांडाल तेव्हा वरून ट्यूबलाइट पाडू नका. मागच्या बाजूने, जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून एकच छोटा दिवा लावा. पुढे यानाची लांबच लांब सावली पडेल, पायांच्या कडा झळकतील आणि ज्या जाड कडांनी तुमची झोप उडवली आहे त्या अंधारात जातील. ही लबाडी नव्हे, कारण त्या सकाळी सावली खरोखर तिथेच होती.

वेष्टनाच्या प्रश्नाला तुम्ही दिलेले दोन्ही पर्याय मी नापसंत करतो. सोनेरी रंग दिला की यान सत्यनारायणाच्या पूजेतील कलशासारखे दिसते, आणि चॉकलेटच्या कागदाचा लिंबूपिवळा झगमगाट तर त्याहून वाईट. मुळात ते सोने नव्हतेच. कॅप्टॉन (Kapton) नावाचा मधाच्या रंगाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि त्याच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप, असे ते वरचे आवरण होते. आत अशाच झिरझिरीत पापुद्र्यांचे थरांवर थर होते. एक थर दुसऱ्याला जिथे चिकटून बसतो तिथून उष्णता आरपार जाते, म्हणून हे पापुद्रे जोडण्यापूर्वी हातांनी मुद्दाम चुरगळलेले होते. त्या सुरकुत्या म्हणजे कारागिराचा निष्काळजीपणा नव्हे, ते उष्णतारोधनाचे तंत्र आहे. हे समजले की ते कसे करायचे तेही समजते.

तोच कॅप्टॉन आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिकटपट्टीच्या रूपात मिळतो. सर्किट बोर्ड डाखणारे लोक उष्णतेपासून बचावासाठी ती वापरतात. एक इंच रुंदीची गुंडाळी आणा. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा तळहाताएवढा तुकडा मुठीत हलकेच चुरगळा, पुन्हा उलगडा आणि बोटाने अर्धवट सपाट करा. त्याच्या चकचकीत बाजूवर कॅप्टॉन पट्टी चिकटवा. आता पट्टीच्या बाजूने पाहा. मधाच्या रंगामागे ॲल्युमिनियम लकाकते, तुकडा तिरपा केला की कुठे तांबूस, कुठे पिवळट, कुठे जवळजवळ काळे दिसते. मूळ यानात हेच दोन पदार्थ याच क्रमाने होते. कोणत्याही रंगाच्या बाटलीत हा परिणाम नाही. सुरकुत्या मात्र बारीक ठेवा. पाच मिलिमीटरची एक घडी म्हणजे खऱ्या यानावर 24 सें.मी.ची घडी होते. मोठ्या फळ्यांसाठी हा तुकडा कागदी नमुन्यावर कापून पातळ दुहेरी चिकटपट्टीने लावा. पायांच्या नळ्यांसारख्या चिंचोळ्या जागी पट्टी वळणार नाही; तिथे नुसती फॉइल गुंडाळून तिच्यावर पारदर्शक पिवळ्या ॲक्रिलिक रंगात थेंबभर पारदर्शक नारिंगी मिसळून पातळ हात द्यावा. बूट-चपलांना वापरतात तसला द्रावणयुक्त गोंद येथे चालणार नाही, कारण तो किटचे प्लॅस्टिक विरघळवतो. आणि वरच्या टप्प्याला हे वेष्टन सरसकट लावू नका. तिथे बहुतांशी करडे आणि काळे पत्रे होते. सगळे यान वरपासून खालपर्यंत सोनेरी करणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे मत आहे.

आता मूर्तींकडे वळतो. तुम्हाला माणसे रंगवता येत नाहीत असे तुम्ही म्हणता, पण इथे माणूस दिसतोच कुठे? आपण घटका अशी निवडली की दोनांपैकी एकच मूर्ती लागते. तीही चार सेंटिमीटरची, वाटाण्याएवढ्या हेल्मेटची. हेल्मेटचा पुढचा पडदा खाली ओढलेला दाखवला की चेहरा, डोळे, ओठ काही काही रंगवायचे नाही. सोने हवे असेल तर ते या पडद्यावर आहे. त्याच्यावर खऱ्या सोन्याचा अतिसूक्ष्म लेप होता. पोशाख मात्र पांढऱ्या बाटलीतून थेट रंगवू नका. त्याचे बाह्य कापड टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंचे होते, आणि शुद्ध पांढरा रंग या आकाराच्या मूर्तीवर खडूच्या तुकड्यासारखा दिसतो. पांढऱ्यात करडा आणि अगदी किंचित मातकट रंग मिसळा, आणि तो वाळल्यावर नुसता पांढरा सांधे, खांदे व पाठीवरील पेटीच्या कडांवर कोरड्या ब्रशने ओढा. हातमोज्यांचे तळवे व बुटांचा वरचा भाग धातूच्या धाग्यांनी विणलेला, म्हणून रुपेरी करडा. बोटांची टोके आणि बुटांचे तळवे निळसर. छातीवर नळ्यांच्या जोडण्या आहेत, त्या लाल आणि निळ्या. ब्रशच्या केसाने एकेक ठिपका टेकवला तरी पुरे. डाव्या खांद्यावर अमेरिकेचा झेंडा. गुडघ्यापर्यंत चढलेली काळी धूळ सर्वांना दाखवावीशी वाटते, पण आपला माणूस अजून मातीत उतरलेला नाही, तेव्हा बूट स्वच्छ ठेवा.

या मूर्तीवरून माझी एक फजिती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या प्रमाणातील एक आर्मस्ट्राँग रंगवला आणि त्याच्या हेल्मेटवर, दंडांवर व मांड्यांवर सुरेख लाल पट्टे ओढले. मास्किंग टेप लावून दोन रात्री घालवल्या होत्या. पुतण्याच्या शाळेतील प्रदर्शनात तो मांडला, तेव्हा सातवीतील एका मुलाने हात मागे बांधून तो नीट पाहिला आणि मला विचारले, “काका, हा अपोलो 14 चा शेपर्ड आहे का?” त्याचे बरोबर होते. अकराव्या आणि बाराव्या मोहिमांत दोन्ही वीर सारखेच दिसत, छायाचित्रांत कोण कुठला ते ओळखणे कठीण जाई, म्हणून कमांडरच्या पोशाखावर लाल पट्टे देण्याचे नंतर ठरले. ते ‘अपोलो 13’साठी तयार झाले, पण ती मोहीम चंद्रावर उतरलीच नाही, त्यामुळे चंद्रावर ते पट्टे पहिल्यांदा दिसले 1971 मध्ये, ॲलन शेपर्डच्या अंगावर. मी कोणत्या दिवशीचा माणूस करतो आहे हे स्वतःला विचारले असते तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या. तो पुतळा अजून माझ्याकडे आहे. तळाच्या पाटीवरचे नाव मात्र मी बदलून टाकले.

जमिनीसाठी काही विकत आणू नका. शांतीसागराचा तळ बेसॉल्टचा आहे आणि आपल्या पायाखालचा काळा कातळही बेसॉल्टच. चंद्रावरील विवरांशी तुलना करण्यासाठी शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला येतात, तेही आघाताने झालेले ते विवर बेसॉल्टमध्ये आहे म्हणूनच. खडी क्रशरच्या आवारातील पीठासारखी बारीक कच दोन मुठी आणा आणि जुन्या मलमलीच्या फडक्यातून दोनदा चाळा. चाळताना तोंडाला मास्क अवश्य बांधा आणि हे काम घराबाहेर करा. दगडाची धूळ फुप्फुसाला वाईट. फळीवर पातळ केलेला फेव्हिकॉल फासून ती कच चाळणीतून भुरभुरवावी. आपल्या कचेत निळसर छटा असते, म्हणून वरून चिमूटभर तपकिरी रंगाची पूड फुंकरीने उडवा. चंद्र आकाशात रुपेरी दिसतो म्हणून जमीन पांढरट करणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात ती माती जुन्या डांबरी रस्त्याइतकी गडद आहे.

थिनरच्या बाबतीत मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. बंद खोलीत थिनर उघडा ठेवणे चूकच. आजकाल पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चांगले मिळतात आणि या संपूर्ण कामात थिनरची गरज पडू नये. स्प्रेचा प्रायमर मारायचा असेल तर तो गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन, खोक्याच्या आडोशाला मारावा. झटपट चिकटणारा सुपरग्लू खिडक्यांजवळ वापरू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढऱ्या बुरशीसारखी बसते आणि पुसली जात नाही. ‘ईगल’च्या त्या दोन त्रिकोणी खिडक्या साध्या फेव्हिकॉलने बसवल्या तरी पुरेशा घट्ट राहतात.

आता तुमच्या कन्येचा प्रश्न, जो मला तुमच्या सर्व प्रश्नांहून अधिक आवडला. ‘त्यांचे की आपले’ असा झगडा करण्याचे कारण नाही. ‘ईगल’ पुरे करा आणि त्याच फळीवर, त्याच 1:48 प्रमाणात ‘विक्रम’ करा. ‘विक्रम’ सुमारे 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1.17 मीटर उंच. म्हणजे तुमच्याकडे तो सुमारे 4.2 सेंटिमीटरची चौकोनी पेटी होईल आणि ‘प्रज्ञान’ हा त्याचा रोव्हर जेमतेम दोन सेंटिमीटरचा. शेजारी ‘ईगल’ साडेचौदा सेंटिमीटर उंच आणि पायांच्या टोकापासून टोकापर्यंत साडेएकोणीस सेंटिमीटर. माणसे नेऊन परत आणायची म्हटले की यान केवढे वाढते, हे कोणत्याही तक्त्याशिवाय नजरेस पडेल. दोघांची जमीन मात्र एकच करू नका. ‘विक्रम’ दक्षिण गोलार्धात 69 अंशांच्या पलीकडे, उंचवट्याच्या प्रदेशात उतरला. ‘प्रज्ञान’च्या उपकरणाला तिथे बेसॉल्टहून वेगळा, फिकट जातीचा खडक आढळला. त्याच्या भागातील कचेत खडूची पूड मिसळून ती उजळ करा.

आणि तिलाही तोच प्रश्न विचारा: ‘विक्रम’ कोणत्या दिवशीचा? 23 ऑगस्ट 2023 रोजी सायंकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी तो उतरला तेव्हा ‘प्रज्ञान’ला खाली उतरण्यासाठीची फळी, म्हणजे उतरंड, मिटलेली होती. काही तासांनी ती उघडली आणि ‘प्रज्ञान’ बाहेर आला. 3 सप्टेंबरला ‘विक्रम’ने इंजिने चालवून सुमारे 40 सें.मी. उंच उडी घेतली व थोड्या अंतरावर पुन्हा टेकला. त्या उडीपूर्वी उतरंड पुन्हा मिटून घेतली होती आणि नंतर परत उघडली. यांपैकी कोणता ‘विक्रम’ करायचा, हे आठवीतील मुलीने इस्रोने प्रसिद्ध केलेली छायाचित्रे पाहून स्वतः ठरवावे. माझ्या अनुभवात किट जोडण्यापेक्षा या वादातच मुले जास्त रमतात.

‘विक्रम’चे चांगले किट मिळेल या भरवशावर थांबू नका, पातळ प्लॅस्टिकच्या पत्र्यातून ते घरीच होते. त्याला नेणारे रॉकेटही करायचे असेल, तर तुमच्या भागात त्याचे सुटे भाग प्रत्येक शेतीच्या दुकानात टांगलेले आहेत. ‘एलव्हीएम 3’ची उंची 43.5 मीटर, मधल्या गाभ्याचा व्यास 4 मीटर, बाजूच्या दोन ‘एस 200’ बूस्टरांचा 3.2 मीटर आणि वरच्या उपग्रह-कवचाचा 5 मीटर. 1:100 प्रमाण घेतले की हे व्यास 40, 32 आणि 50 मि.मी. होतात. पाण्याच्या पीव्हीसी पाइपचे बाहेरचे व्यास याच मापांचे असतात! मात्र मिलिमीटरमध्ये मोजले जाणारे शेतीचे पाइप घ्या. इंचांत मोजले जाणारे गरम पाण्याचे पाइप या मापांत बसत नाहीत. टोकाचे शंकू करायला इतरांना लाकूड तासत बसावे लागते. तुमच्याकडे लेथ आहे आणि साहेबांनी परवानगी दिली तर एका दुपारचे काम आहे. रॉकेट उडताना दाखवायचे झाले, तर ज्वाळा फक्त दोन्ही बूस्टरांखाली लावा. मधल्या गाभ्याची इंजिने जमिनीवर पेटत नाहीत, ती उड्डाणानंतर सुमारे पावणेदोन मिनिटांनी हवेतच सुरू होतात.

पाइपवरील छापील अक्षरे बारीक पॉलिश पेपरने घासून काढा आणि संपूर्ण पृष्ठभाग थोडा खरबरीत करा, नाहीतर पीव्हीसीवर रंग धरत नाही, सालपटासारखा निघतो. हॅकसॉने कापताना काप तिरका जातो. त्यावर उपाय म्हणून कागदाची सरळ पट्टी पाइपभोवती गुंडाळून तिच्या कडा जुळवाव्यात आणि त्या कडेने पेन्सिल फिरवून मगच करवत लावावी. ‘ईगल’साठी मात्र आज रात्री एकच गोष्ट करा: खोके उघडा, तीन स्पर्शकांड्यांच्या जागी 35 मि.मी.च्या तीन तारा कापा आणि त्या वाकवून बशांखाली बसवून पाहा. व्हर्निअर त्यासाठी वापरायला माझी हरकत नाही.

आपला,
सदरलेखक